डब्याची डावी भिंत

डाव्या भिंतीचं नाव निघालं आणि लक्ष्मीबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं. निवडलेली तूर पुन्हा खड्यांत मिसळली. फोन मांडणीवर ठेवलेला होता आणि लातूरहून लेक, सुकन्या, मोठ्या आवाजात सांगत होती की उद्या सगळ्यांनी नांदेडला यायचंच. सलीमभाईच्या वर्कशॉपात डब्याची उजवी भिंत झाली, छत झालं, खालची चासी रंगवून झाली. डावी तेवढी उरली, आणि ती घरच्या माणसांसमोर उघडायची असं भागवतदादानं ठरवलंय.

"घरच्या माणसांनी येऊन काय करायचं?" लक्ष्मीबाई म्हणाली. "फळ्या काय आम्ही उपटायच्या?"

"व्हिडिओ काढायचाय, आई. गाडी आधी कशी होती, मग कशी झाली. लोकांना तेच बघायचं असतं. आबांना फेटा बांधायला सांग. आत्यालाही घेऊन ये."

डबा म्हणजे रेल्वेचा नव्हे. चाकांवरची खोली होती ती, मोटारीमागं जोडून न्यायची. धरणाच्या कामावर आलेल्या कुण्या परदेशी इंजिनिअरनं कॅम्पवर राहायला आणलेली. काम संपलं, साहेब गेला, आणि खोली एका ठेकेदाराच्या आवारात पंचवीस वर्षं सडत पडली. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लक्ष्मीबाईच्या नवऱ्यानं, भुजंगरावानं, ती ट्रॅक्टरला जोडून किल्लारीच्या आपल्या शेतात आणून उभी केली, कारण दगडाच्या भिंतीचं नाव काढलं तरी त्याच्या अंगाला कापरं सुटायचं. नवं घर मिळेपर्यंत अडीच वर्षं कुटुंब त्यात राहिलं. सुकन्या त्यातच जन्मली. मग डब्यात कडबा आला, खताची पोती आली, कोंबड्या आल्या, आणि शेवटी काहीच आलं नाही.

गेल्या दिवाळीत सुकन्यानं विषय काढला. ती आणि जावई लातूरला लग्नाचे फोटो काढतात. डबा दुरुस्त करायचा, पण नवा दिसता कामा नये, साहेबाच्या काळातला दिसला पाहिजे. क्रीम आणि हिरवा रंग, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या, पितळी कड्या. लग्न ठरलेली जोडपी त्याच्या पायरीवर बसून फोटो काढतील. 'व्हिंटेज' हा शब्द तिनं दोन दिवसांत इतक्यांदा वापरला की भुजंगरावसुद्धा म्हणायला लागला. भागवतनं लगेच हो म्हटलं. तो नांदेडला सलीमबरोबर ट्रकच्या बॉड्या बांधतो, हातात कसब आहे. सावत्र बहीणभाऊ एका बाजूला, असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. दुसऱ्या बाजूला एकटी लक्ष्मीबाई, भंगारात द्या म्हणत. जिनं आयुष्यात फुटका माठ टाकून दिला नाही, त्यातही कोथिंबीर लावली, तिला या डब्याचं एवढं काय झालं ते कुणाला कळेना.

झालं होतं ते तीस वर्षांपूर्वी, आणि ते डाव्या भिंतीत होतं.

लक्ष्मीबाई ही भुजंगरावाची दुसरी. पहिली सोजर भूकंपात गेली, तान्ह्या पोरीसकट. आठ वर्षांचा भागवत तेवढा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. लक्ष्मीबाईचाही नवरा त्याच पहाटे गेला, सटवाजी, आणि दीड वर्षाचं लेकरू. चार महिन्यांनी दोन्हीकडच्या लोकांनी या उरलेल्यांची गाठ मारून दिली. त्या वर्षी अशी लग्नं पुष्कळ झाली. वाजंत्री नाही, मांडव नाही. हार घालून झाल्यावर भुजंगरावाच्या थोरल्या बहिणीनं, कोंडाबाईनं, नवरीच्या गळ्यात काळ्या मण्यांशेजारी सोजरचा टाक बांधला. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उमटवलेली बाईची आकृती. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात वागवायचा, म्हणजे ती शांत राहते, संसारात आडवी येत नाही, अशी रीत.

रीत म्हणून तिनं वागवला. पण हातभर रुंदीच्या त्या पलंगावर तो छातीला गार लागायचा आणि तिच्या मनात एकच यायचं. सोजरला राहायला माझा गळा आहे, माझ्या सटवाजीनं कुठं राहावं? त्याचा टाक भुजंगराव थोडाच घालणार होता. आणि तो पोरगा. भागवत तिच्याशी बोलत नसे, पण झोपताना सरकत सरकत कुशीशी यायचा, टाक मुठीत धरायचा आणि तसाच झोपी जायचा. तिला कुशीत लेकरू हवं होतं, देवाशपथ हवं होतं. पण हे लेकरू तिच्याकडे आलेलंच नव्हतं, ते टाकाकडे आलं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी, डब्यात कुणी नसताना, तिनं दोरा तोडला आणि पलंगाच्या वर फळीला गेलेल्या फटीत टाक सोडून दिला. एक दिवस गळा मोकळा ठेवू, मग काढू, असं काहीतरी मनात होतं. टाक आतली फळी आणि बाहेरचा पत्रा यांच्या मधून खडखडत खाली गेला तो गेलाच. संध्याकाळी कोंडाबाईची नजर गळ्यावर पडली. तुटला असेल, पडला असेल कुठंतरी, एवढंच लक्ष्मीबाई बोलली. पुढचं दुसरेच बोलले. पोरगा रोज धरून झोपायचा, त्यानंच घेतला, कोंडाबाई म्हणाली. भुजंगरावानं बैलाचा कासरा काढला. भागवत पहिल्या दिवशी नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, हो, घेतला, जुन्या गावात आपल्या घराच्या भिताडात टाकला, मायला दिला. लक्ष्मीबाई तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची भाकरी मोडली नाही की करपली नाही, आणि ही गोष्ट तिला स्वतःबद्दल आजही सहन होत नाही.

जूनमध्ये भागवतला किनवटच्या वसतिगृहात ठेवलं. घरात चोरी करणारं पोर बाहेर राहिलेलं बरं, असं ठरलं. दहावीनंतर तो परस्पर नांदेडला गेला. दिवाळीला यायचा, दोन दिवस राहून जायचा. आणि दर तीस सप्टेंबरला यायचा. त्या दिवशी गाव स्मारकापाशी जमतं, हा मात्र जुन्या गावाच्या झुडपांत जायचा. आईसाठी जातो, लोक म्हणायचे. एका वर्षी लक्ष्मीबाई त्याच्यासाठी भाकरी घेऊन मागं गेली. भागवत दगडांत उकिडवा बसून खुरप्यानं माती काढत होता आणि ती माती बोटांनी चाळत होता, जणू कुणीतरी काल तिथं काही टाकलंय. ती भाकरी तशीच परत घेऊन आली.

एवढ्या वर्षांत त्यानं तिला कधी हाक मारली नाही. वाईट वागला असं नाही. साडी आणायचा, दवाखान्यात न्यायचा. पण काही सांगायचं झालं तर समोर येऊन उभा राहायचा आणि ती बघेपर्यंत थांबायचा.

डबा नांदेडला गेला आणि हे बदललं. साहेबाच्या काळातला डबा परत उभा करायचा तर तो आठवणारं कुणी हवं, आणि भुजंगरावाला ट्रॅक्टरच्या नंबराशिवाय काही आठवत नव्हतं. एका सकाळी फोन वाजला.

"पलंगाखालच्या कप्प्याचं दार आत उघडायचं का बाहेर?" भागवतनं विचारलं.

"बाहेर. डाव्या अंगाला जरा अडकायचं. गुडघ्यानं ढकलावं लागायचं."

"पडदे कशाचे व्हते?"

"बारीक हिरव्या चौकड्याचे. खाली पिवळी पट्टी. साहेबाच्या बायकोनं हातानं शिवलेले असतील, टाके वाकडे होते."

मग रोजच फोन यायला लागला. खिडकीची जाळी कशी होती, दिवा कुठं टांगायचा, मोरीचं भांडं केवढं होतं. आणि दहाव्या की बाराव्या फोनला, बोलता बोलता, भागवत म्हणाला, "माय, दाराची कडी पितळेची का लोखंडाची?" तो शब्द त्यानं सोजरबरोबर जुन्या गावात ठेवला होता. आपण तो उच्चारला याचा त्याला पत्ताच नव्हता बहुतेक. लक्ष्मीबाईनं पितळेची म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन देवणी गाईच्या मानेला धरून रडली. पन्नाशी उलटल्यावर पदरात पडलेला हा एक शब्द. आणि भिंत उघडली की तो जाणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सुकन्याच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली. पुढं फेटा बांधून भुजंगराव, मागं लक्ष्मीबाई आणि कोंडाबाई. लातूरला सुकन्या चढली, अंगावर कॅमेऱ्याची पिशवी. कोंडाबाई पंच्याहत्तरीची झाली तरी जिभेची धार कमी झालेली नव्हती. अहमदपूरला चहा पिताना तिनं बशीतून डोळे वर केले.

"लक्ष्मे, चेहरा कामून उतरलाय तुझा? डब्याला मूठमाती द्यायला चाललो का आपण?"

"गाडी लागते मला, वन्सं."

"एवढी वर्सं न्हाई लागली ती. डब्यात पोरगी जन्माला घातली, तेव्हा न्हाई लागली."

"आत्या, तू सांगशील का कॅमेऱ्यासमोर? माझा जन्म कसा झाला ते?" सुकन्या म्हणाली.

"सांगंन की. सगळंच सांगंन. तुझ्या दादाचंबी सांगंन."

"नको ते," भुजंगराव पुढून म्हणाला. "झालं गेलं. आता काम नीट करून राहिलाय तो."

तीस वर्षांत त्यानं लेकाच्या बाजूनं काढलेला हा पहिला शब्द. लक्ष्मीबाईला बरं वाटायला हवं होतं. तिनं चहा तसाच खाली ठेवला.

वर्कशॉप नांदेडच्या बाहेर, ट्रकच्या सांगाड्यांच्या रांगेत. डबा मधोमध उभा होता आणि ओळखू येत नव्हता. उजवी बाजू घासून पुसून अशी चमकत होती की कोंडाबाईनं त्यात पदर सारखा केला. सलीम गुलाल खेळल्यासारखा पॉलिशनं माखलेला, हात पुसत पुढं आला.

"या काकी. बघा, पत्रा एकपण बदलला नाही. एकेक रिबीट काढली, पत्र्यांवर खडूनं नंबर टाकले, आतलं कुजलेलं लाकूड काढून सागवान घातलं, परत त्याच नंबरानं पत्रे बसवले. मी बोललो भागवतला, नवा पत्रा मार, चार दिवसात काम खतम. ऐकत नाही. बोलतो, माय बोलली तसंच पाहिजे."

"लई त्रास देतो का तुम्हाला?" लक्ष्मीबाईनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"हा? इमानदार माणूस, काकी. सतरा वर्षांचा आला होता इथं. पहिल्याच दिवशी माझ्या अब्बांना बोलला, मी लहानपणी चोरी केलेली आहे, आधीच सांगून ठेवतो. अब्बा हसले. बोलले, मग गोदामाची चावी तूच ठेव. आजपर्यंत त्याच्याकडंच आहे."

सलीम हसला. लक्ष्मीबाईनं डब्याच्या पायरीवर हात टेकला.

"मला जरा आत बसू द्या," ती म्हणाली. "एकटीला."

सगळ्यांना ते रास्तच वाटलं. सुकन्यानं तर कॅमेरा खाली घेतला. आत नव्या लाकडाचा वास होता, फक्त डावी भिंत तशीच, जुनी, तेलकट, पलंगाच्या वर ती फट. पदराखाली लक्ष्मीबाईनं छत्रीची काडी आणली होती, टोकाला वाकवलेली. दिवाळीत शेतातही तिनं असंच करून बघितलं होतं. काडी आत गेली, कुठंतरी अडली, खरखरली. ती पलंगावर गुडघे टेकून बसली, गाल फळीला लावला आणि ढवळत राहिली. भुसा तेवढा गळला.

"माय?"

भागवत दारात होता, हातात चहाचे दोन पेले. तिनं काडी पलंगाच्या मागं सोडून दिली.

"घाबरलीस? बस ना. तुला दाखवायचं व्हतं." त्यानं कोपऱ्यातली पुडी उघडली. हिरव्या चौकड्यांचं कापड, पिवळी पट्टी. "सगळं नांदेड पालथं घातलं. शेवटी एका म्हाताऱ्या टेलरकडं मिळालं. त्याला म्हटलं, टाके वाकडे घाल. तो म्हणतो, पन्नास वर्सात असं गिऱ्हाईक आलं न्हाई."

ती हसली. खरंच हसली.

"मी इथं झोपायचो का?" भागवतनं पलंगाच्या कडेवर हात ठेवला. "मला नीट आठवत न्हाई. तू भिंतीकडं, मी या बाजूला?"

"हाव. आबा खाली."

"तेवढंच बरं आठवतं बघ. बाकी..." तो चहा प्यायला. "ते सोड. एक सांगू? आबांना मी त्या टाकाचं कधी बोललो न्हाई. तुलाबी न्हाई. तुझ्या गळ्यातला जिन्नस घेतला मी. तुला किती बोलणी खावी लागली असतील आत्याची. लई वेळा वाटलं माफी मागावी. आज मागतो."

आता. आता बोलायचं, लक्ष्मीबाईला कळत होतं. डब्यात दोघंच होती, दार ओढलेलं होतं, यापेक्षा सोपी वेळ आयुष्यात यायची नव्हती. तिनं तोंड उघडलं.

"चहा गार होईल," ती म्हणाली.

मग सगळे आत आले. सुकन्यानं कॅमेरा तिकाटण्यावर लावला, आबांना दाराशी उभं केलं, आत्याला स्टुलावर बसवलं. सलीमनं कडेचे स्क्रू सैल केले.

"ही फळी राहू द्या की," लक्ष्मीबाई म्हणाली. "एक तरी जुनी आठवण राहू द्या."

"काकी, वाळवी आहे आत. ठेवली तर नवं सागवान खाईल."

"माय, मलाबी वाटतं," भागवत म्हणाला. "पण ह्या फळीचा तुकडा मी चौकट करून देईन तुला. घरी लाव."

त्यानं पहार आत घातली आणि नेट लावला. फळी कण्हली, मग एकदम सुटली. धूळ उडाली. उंदरानं केलेलं चिंध्यांचं घर, वाळलेली माती, दाणे गेलेली मक्याची बुरकंडं, सुकन्याचा लहानपणीचा एक पायमोजा. भागवत हातानं सगळं पुढं ओढत होता आणि मजेनं एकेक वस्तू कॅमेऱ्याला दाखवत होता. मग त्याचा हात थांबला. त्यानं चिमटीत काहीतरी उचललं, काळं पडलेलं, रुपयाएवढं. अंगठ्यानं घासलं. बाईची आकृती वर आली.

 कोंडाबाई स्टुलावरून उठली, जवळ आली, डोळे बारीक करून बघितलं.

"सोजरचा टाक," ती म्हणाली. "अरं लबाडा. इथं लपवलास व्हय? आन् आम्हाला सांगतोस जुन्या गावात टाकला. आम्ही चार दिवस ढिगारे उकरले रे."

भागवत टाकाकडे बघतच होता.

"लेकरू व्हतं," कोंडाबाईचा आवाज उतरला. "आईचा व्हता म्हणून घेतला. जाऊ दे. आता सापडला ना."

आणि मग ती गोष्ट झाली जी लक्ष्मीबाईनं कधी बघितली नव्हती. भुजंगराव पुढं आला. फेटा दाराच्या चौकटीला लागून वाकडा झाला तरी त्यानं तो सारखा केला नाही. त्यानं लेकाच्या पाठीवर हात ठेवला, जिथं कासरा ओढला होता तिथंच.

"माझंबी चुकलं," भुजंगराव म्हणाला. "एवढ्याशा जिन्नसापायी एवढं माराया नको व्हतं. त्वा घेतला तर घेतला. तुझ्याच आईचा व्हता."

"हाव, आबा," भागवत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा सैल झाला होता, वर्षानुवर्षांचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा. "मीच टाकला असंल इथं. चुकीचं ध्यानात राहिलं."

सुकन्या कॅमेऱ्यामागं डोळे पुसत होती. सलीमनं मान खाली घातली. सगळं जागच्या जागी बसलं होतं, एकेक पत्रा त्याच्या नंबरानं. बापानं लेकाला माफ केलं होतं, लेक खूश होता, आणि लक्ष्मीबाईनं फक्त गप्प राहायचं होतं. त्यात ती तरबेज होती. पण भागवत तिच्याकडे वळला आणि टाक तळहातावर ठेवून पुढं केला.

"घे माय. तुझा तुला परत. मला माफ कर."

लक्ष्मीबाईनं टाक घेतला नाही.

"त्यानं न्हाई टाकला," ती म्हणाली. "मी टाकला."

"काय?" भुजंगराव म्हणाला.

"मी. दोरा तोडला आन् त्या फटीतून खाली सोडला. मला गळ्यात नको व्हता. ह्यानं हातबी लावला न्हाई."

"लक्ष्मे, गप बस," कोंडाबाई पटकन म्हणाली. "येड लागलं का तुला? ते बंद कर गं पोरी, ते मशीन. काहीबी बोलून राहिली ही. चांगलं मिटलेलं उकरू नको."

"मिटलं न्हाई, वन्सं. तुम्ही त्याचं नाव घेतलं आन् मी घेऊ दिलं."

सुकन्यानं कॅमेरा बंद केला नाही. तिच्या लक्षातच राहिलं नाही. ती "आई" एवढंच म्हणाली आणि पायरीवर खाली बसली.

भुजंगरावाचा हात अजून लेकाच्या पाठीवर होता. तो त्यानं काढला आणि उलटसुलट करून बघितला. "तीन दिवस मारलं मी ह्याला," तो म्हणाला. "तीन दिवस. तू तिथं बसलेली व्हतीस. भाकरी थापत व्हतीस."

"हाव."

"तुझ्या हातची भाकरी खाल्ली मी त्या दिवशी."

तिनं मान डोलावली. भुजंगराव डब्यातून उतरला. बाहेर ट्रकच्या सांगाड्यांमधून तो चालत गेला, कुठं जायचं ते न ठरवता, आणि सलीम त्याच्या मागं धावला.

लक्ष्मीबाई भागवतकडे बघत उभी राहिली. शिवी दे, हात उगार, काहीही कर, तिच्या मनात आलं. आपण आता सगळ्याला तयार आहोत असं तिला वाटत होतं. भागवत ओरडला नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली होती, मापात न बसणारा तुकडा हातात आल्यावर पडते तशी.

"न्हाई," तो हळू म्हणाला. "असं कसं? मी टाकला. मला आठवतंय ना. आपल्या घराचं भिताड, चुलीमागचं. खाली फट व्हती. हात कोपरापर्यंत आत गेला माझा. सुटला तेव्हा वाजला. मी ऐकलं."

"भागवत, तू न्हाई..."

"दरसाल जातो मी तिथं. जागा ठाव हाय मला. डोळे मिटून दाखवीन." त्यानं तळहातावरचा टाक परत बघितला, उलटून, पुन्हा सुलटा करून. मग वर तिच्याकडे बघितलं, आठ वर्षांच्या पोरानं विचारावं तसं. "मग मी तिथं काय टाकलं व्हतं?"

दार कुठल्या बाजूला उघडायचं, पडदे कसले होते, कडी कशाची होती, या डब्यातलं जे जे त्यानं विचारलं ते ते तिनं सांगितलं होतं. हे तिला सांगता येईना. भागवत उत्तराची वाट बघत तसाच उभा होता.